पारबता मावशींची मंडई

पारबता मावशी समोर आल्या की आधी पायांकडे बघायच्या. तोंडाकडे नंतर. लग्न होऊन मी आसगावात आले त्या पहिल्याच आठवड्यात ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते, तर एक उंच, वाळकी, कपाळावर गोंदलेली बाई आली. ना बोलणं ना चालणं, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि माझ्या नडगीवर अंगठा रोवला. चांगला दाबून धरला. मग अंगठा काढून तिथे खळगा पडतो का ते बघत राहिली. पडला नाही. तेव्हा कुठे म्हणाली, "गयाची सून का वो तू?"

मी घाबरून आत पळाले. सासूबाई हसायला लागल्या. "ते पारबता हाय. तिचा रामराम तसाच राहाते. सूज पाहाते ते."

नात्यानं त्या आमच्या कोणी नव्हत्या. पण सासूबाई आणि त्या एकाच माहेरच्या, आंबागडच्या. जिल्ह्याच्या त्या टोकाला किल्ल्याखालचं ते गाव, आणि या टोकाला आसगाव. दोघी एकाच उन्हाळ्यात इथे सून म्हणून आल्या, त्याही समोरासमोरच्या घरांत. माहेरचं माणूस म्हणावं तर दोघींना एकमेकीच. म्हणून आमच्या घरात त्या मावशी. त्यांचे यजमान फार लवकर गेले, मुलगा नागपूरला नोकरीला, घरी एकट्या. रोवणीच्या दिवसांत बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, वाकल्या वाकल्या गावातल्या एकेकाची अशी नक्कल करायच्या की बाया चिखलात बसायच्या. आमच्या मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, चालण्याची नक्कल तर खुद्द मामाजींसमोर. वर्षातले दहा-अकरा महिने इतकी मजेदार बाई गावात दुसरी नव्हती.

कोजागिरी झाली की मात्र चेहरा उतरायचा. नकला बंद. बोलणं कमी. झोपताना चपला खाटेशेजारी काढून ठेवायच्या, त्याही दाराकडे तोंड करून, म्हणजे हाक आली की पाय घालून धावता यावं. दिवसा दारात बसायच्या, अशा जागी की गल्लीतली सगळी दारं दिसली पाहिजेत. कोणी विचारलं, "मावशी, काय पाहता?" तर म्हणायच्या, "दारं पाहातो. उघडी हायेत का लावली."

ज्यांनी आमच्याकडची मंडई पाहिली नाही त्यांना ही भीती कळायची नाही. दिवाळी झाली की पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. दुकानं, पाळणे, दंडारीचा खेळ, रात्रभर नाटक. आणि ज्या गावची मंडई त्या गावातल्या प्रत्येक घरी पाहुणे. लेकी, जावई, व्याही, व्याह्यांचे व्याही, आणि ज्यांना कोणी बोलावलं ते कुणालाच ठाऊक नाही असेही. मुलामुलींच्या सोयरिकी याच दिवसांत जुळतात. मी भंडाऱ्याची, विणकरांच्या घरातली. माहेरी असताना आम्ही मंडईला पाहुणे म्हणून जायचो, पोटभर हादडायचो, पाळण्यात बसायचो आणि परत यायचो. त्या घरातल्या बाया जेवतात केव्हा, हा प्रश्न आमच्या डोक्यात कधी आला नाही. सून झाल्यावर उत्तर मिळालं. जेवत नाहीत.

आधी घर सारवायचं, रंगवायचं. मग फराळ. तेवढ्यात हलकं, लवकर पिकणारं धान कापायला आलेलं असतं, म्हणजे सकाळी शेतात आणि संध्याकाळी कढईपुढे. मग लक्ष्मीपूजन, भाऊबीज, आणि जरा टेकावं म्हटलं की मंडई येते. या सगळ्यात कोणाचं डोकं दुखलं, पाय सुजले, छातीत धडधडलं, तर घरातून एकच उत्तर मिळतं. मंडई होऊ दे.

हे तीन शब्द ऐकले की मावशी हातातलं काम टाकून त्या दारात जाऊन उभ्या राहायच्या.

त्यांचे स्वतःचे कायदे होते आणि ते त्या दारोदार जाऊन सांगायच्या. कढईजवळ एकटीनं बसायचं नाही. पाहुण्यांच्या आधी दोन घास खायचे, उभ्यानं का होईना. दुपारी अंग टाकायचं, झोप नाही लागली तर नुसतं पडायचं. चकल्या-अनारसे चाखायचे, पण त्यावर पोट भरायचं नाही. पाणी पीत राहायचं. हल्ली मोबाइलवर दिवाळी आली की तब्येत सांभाळायचे, ताण घेऊ नका म्हणून सांगणारे व्हिडिओ येतात, त्यातले डॉक्टर छान हसून बोलतात. मावशींचे सल्ले जवळपास तेच होते, फक्त त्या हसत नसत. "पाहुना आला तं सांगा त्याले, घरची बाई झोपली हाय. राग आला तं येऊ दे. मेली म्हनून सांगन्यापरस बरं हाय ना?" आता ऐन दिवाळीत उंबऱ्यावर उभं राहून असं बोलणाऱ्या बाईला कोण घरात घेईल? बाया कानांवर हात ठेवायच्या, "शुभ बोल वो पारबता" म्हणायच्या. पण ती गेली की एखादी हळूच आडवी व्हायची, तेही मी पाहिलेलं आहे.

सगळ्यांत मोठं भांडण गोळ्यांवरून. लक्ष्मीपूजनाला घरात जे दिसेल ते वर्षभर नांदतं, असं आमच्या गल्लीत मानतात. म्हणून धनतेरसेला बाया घरातली सगळी औषधं उचलतात आणि गोठ्यात नेऊन ठेवतात. बीपीच्या गोळ्या, साखरेच्या गोळ्या, चष्म्याच्या घरात लपवलेली हृदयाची गोळीसुद्धा. गुरांच्या ढेपेच्या टोपल्यामागे त्यांची रांग लागते. ती परत घरात येतात मंडई उरकल्यावर. मधल्या दिवसांत गोळी नाही. शिकलेल्या घरांतही नाही, हे विशेष.

मावशींनी या रीतीला नावं ठेवली नाहीत, कारण थोडा विश्वास त्यांचाही होता. त्यांनी वाट काढली. सकाळ झाली की या-त्या गोठ्यात शिरून ज्याची त्याची गोळी काढायच्या, हातात पाण्याचा तांब्या घ्यायच्या आणि बाईला हाक मारून गल्लीत बोलवायच्या. "घरात नको घेऊ. रस्त्यावर घे. रस्त्यावर कोनाची लक्ष्मी?" आणि डोक्यावर पदर घेतलेल्या चार-पाच बाया भर रस्त्यात उभ्या राहून आ करायच्या, मावशी वरून पाणी सोडायच्या. सासूबाई त्यात पहिल्या. त्यांचं बीपी चांगलंच वाढलेलं असायचं. माझ्या नवऱ्यानं एकदा या रांगेचा फोटो काढला होता आणि आम्ही सगळे लोळून हसलो होतो.

मावशी इतक्या का घाबरतात ते मला हळूहळू कळलं. मंडईची आणखी एक रीत आहे. त्या दिवशी घरात कोणी आजारी पडलं तर पाहुण्यांना कळू द्यायचं नाही. पाहुणा ताटावरून उठला तर घराची शोभा जाते, आणि सोयरिकीचं बोलणं असेल तर तेही जातं. मावशी नव्या सून होत्या तेव्हाची गोष्ट. मंडईच्या सकाळपासून त्यांची मोठी जाऊ छातीत कळ येते म्हणत होती. तिला आतल्या खोलीत निजवलं, दार ओढून घेतलं आणि पाहुण्यांना सांगितलं, ती माहेरी गेली आहे. पंगती उठेपर्यंत संध्याकाळ झाली. मग दार उघडलं.

एवढं मला सासूबाईंनी सांगितलं. मावशींनी स्वतः त्याबद्दल एकदाच तोंड उघडलं, आमच्या मागच्या अंगणात वालाच्या शेंगा सोलताना. "तिनं दोनदा आवाज देल्ला," त्या म्हणाल्या. "मले आयकू आला. मी बुंदी वाढून राहिली होती. सासू म्हने, हास. मी हासली."

मग पुढची शेंग घेतली. त्यानंतर कोणाच्या पंगतीत हसत हसत बुंदी वाढणारी सून दिसली की माझे डोळे आतल्या खोलीच्या दाराकडे जायचे, अजूनही जातात.

आता फजितीचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. तीन वर्षांमागे, मंडईच्याच दिवशी, आमच्या गल्लीतल्या एका घरी मुलगी बघायला पाहुणे बसले होते. त्या घरची धाकटी सून कढईजवळून उठता उठता घेरी येऊन पडली. घरच्यांनी तिला आत नेलं आणि दार ओढून घेतलं. मावशी दारातच बसलेल्या. ओढलेलं दार त्यांना दिसलं, आणि त्या धावल्या. थेट त्या घरच्या मांडवात जाऊन ओरडल्या, "आतमंधी बाई मरून राहिली हाय अन् तुमी लाडू खाऊन राहिले!"

पाहुणे उठले. दार उघडलं तर सून उठून बसलेली, लिंबाचं सरबत पीत. सकाळपासून पोटात काही नव्हतं, बाकी काही नाही. पण पाहुणे गेले ते गेले. या घरात दुखणं आहे आणि ते लपवतात, अशी बोंब झाली, ती सोयरीक मोडली. मुलीच्या आईनं मावशींच्या दारासमोर उभं राहून जे शिव्याशाप दिले ते मी इथे लिहीत नाही. मावशींनी फक्त विचारलं, "पोट्टी जेवली का आता?"

त्यानंतर गावानं दारं लावून घेतली. पारबता येताना दिसली की कडी. पुढच्या दिवाळीत त्या सकाळी तांब्या घेऊन गल्लीत उभ्या राहिल्या तर एकही बाई बाहेर आली नाही. गोठ्यात शिरू लागल्या तर लोकांनी हाकललं. आणि त्याच वर्षी आमच्या घरी वैशालीचं, माझ्या नणंदेचं, बोलणं चाललं होतं. मुलगा लाखनीचा, हमरस्त्यावर स्वतःचं दुकान, घर चांगलं, माणसं चांगली. ती मंडळी मंडईच्या दिवशी जेवायला येऊन पक्कं करणार होती. सासूबाईंना रात्री झोप नव्हती. वैशालीला पाहून दोन ठिकाणचे लोक आधी नाही म्हणून गेले होते, आणि हे तिसरं ठिकाण हातचं जाऊ नये म्हणून त्या अगदी कासावीस झाल्या होत्या.

धनतेरसेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आमच्या दारासमोर तांब्या घेऊन आल्या. सासूबाई बाहेर गेल्या. मला वाटलं गोळी घ्यायला. पण त्यांनी दोन बोटांनी स्वतःच्या गळ्याची कातडी धरली आणि म्हणाल्या, "माह्या गळ्याची शपथ हाय तुले, पारबता. मंडईच्या दिवशी माह्या घरी तोंड उघडशीन नाही."

मावशींच्या हातातला तांब्या कलंडला, पाणी त्यांच्याच पायांवर सांडलं. "काहून घातली वो?" त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. "दुसरं काही बोलली असतीस. शपथ कायले घातली? सोड ना."

"मंडई झाली का सोडीन."

"गये, सुटली म्हन ना आत्ताच. मी नाही बोलत. तशीच नाही बोलत."

सासूबाई आत निघून आल्या. शपथ घालणाऱ्यानं 'सुटली' म्हटल्याशिवाय ती उतरत नाही, आणि मोडली तर जिच्या गळ्याची असेल तिच्या जिवावर येते, हे आपण सगळे लहानपणी खेळता खेळता शिकतो आणि मोठेपणी विसरतो. मावशी विसरल्या नव्हत्या.

शपथ मंडईच्या दिवसापुरती होती, तरी त्या आतापासूनच बोलत नव्हत्या, पण रोज गल्लीत यायच्या. नुसत्या उभ्या. मी बाहेर आले की हातानंच खुणावायच्या, तिचे पाय बघ. मी बघत होते. सासूबाईंच्या पायांतली जोडवी मांसात रुतली होती. गोळी घेतली का विचारलं की "घेतली म्हटलं ना!" म्हणून अंगावर यायच्या. जबरदस्तीनं खाटेवर बसवलं तर मी वळेपर्यंत पुन्हा शेवेच्या साच्यावर. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आईले घेऊन जाऊ दवाखान्यात. मंडई होऊ दे." मामाजीही तेच म्हणाले. घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी तेच, आणि मला समोरच्या दारातल्या मावशी दिसत होत्या. माझीही झोप उडाली. मला वाटायचं, या बाईची भीती मला लागली आहे, एखाद्याचा सर्दी-खोकला लागावा तशी.

मंडईचा दिवस उजाडला. गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. खेळण्यांची दुकानं, बांगड्या, जिलेब्यांच्या कढया, सगळ्यांचे भोंगे एकदम सुरू. आमच्या अंगणात मांडव होता. लाखनीची मंडळी आली. मुलगा, त्याचे आईवडील, एक काका. सासूबाईंनीच मावशींना जेवायला बोलावलं होतं, माहेरच्या माणसाला टाळायचं कसं? मावशी मांडवाच्या खांबाला टेकून एका कोपऱ्यात बसल्या, पदराचं टोक दातांत धरून.

पंगत बसली. मी भाजी वाढत होते, माझ्यामागून सासूबाई सुवाऱ्यांची टोपली घेऊन आल्या. गरम सुवाऱ्या, आमच्याकडची पुरीच ती. मुलाच्या आईपाशी त्या थांबल्या आणि तिच्या ताटात सुवारी वाढली. डाव्या हातानं.

ती बाई ताटाकडे बघत राहिली. मग मुलाच्या वडिलांच्या ताटात, तीही डाव्या हातानं. पंगतीतलं बोलणं थांबलं. पाहुण्याला डाव्या हातानं वाढणं म्हणजे काय ते सांगायला नको, त्यापेक्षा वाढलं नाही तर बरं. मामाजींचे डोळे लाल झाले. वैशाली आतल्या दारात उभी होती, ती रडकुंडीला आली. सगळ्यांना एकच दिसलं, अपमान. मलाही तेच दिसलं. घाईत बाईचं भान सुटलंय असं वाटून मी टोपली घ्यायला पुढे झाले.

मावशींना सासूबाईंचा उजवा हात दिसला. टोपली कोपराच्या खाचेत अडकवलेली होती आणि खालचा पंजा नुसता लोंबत होता.

त्या उठून उभ्या राहिल्या. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. तोंडाचा एक कोपरा खाली ओढला गेला होता, पण डोळे शुद्धीवर होते. त्यांनी डावा हात उचलला आणि दोन बोटं गळ्याला लावली. आठवण करून दिली शपथेची.

मी माणसं घाबरलेली पाहिली आहेत, पण तशी भीती कोणाच्या चेहऱ्यावर पाहिली नाही. मावशींनी पदराचा बोळा दोन्ही हातांनी तोंडात कोंबला. डोळे फाटलेले, तशाच उभ्या राहिल्या. किती वेळ ते मला सांगता येत नाही. सासूबाई पुढच्या ताटाकडे वळल्या, टोपली सटकली, सुवाऱ्या जमिनीवर घरंगळल्या, आणि मावशींनी तोंडातला बोळा उपटून काढला.

"उठा! पाहुने, ताटावरून उठा! तिचा हात गेला! माह्या गयाचा हात गेला!"

आणि सासूबाईंना कवेत धरता धरता त्या रडत ओरडल्या, "शपथेनं मरशीन तं मर, माह्या माथी मर. तशी नाही मरू देत तुले."

मामाजी "गप्प बस" म्हणून ओरडले. मागच्या वर्षीचं सगळ्यांच्या मनात होतं. पण लाखनीचा तो मुलगा उष्ट्या हातानं उठला, खिशातून गाडीची किल्ली काढली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाला, "उचला त्यांले." गल्लीत गाडी हलणार कशी? मावशी पुढे धावल्या. अनवाणी, डोक्यावरचा पदर कुठल्या कुठे. दुकानांचे बांबू स्वतः उपटत होत्या, लोकांना ढकलत होत्या, जिलेबीवाल्याच्या अंगावर ओरडत होत्या. गाडी त्यांच्या मागून गेली. गाडी पक्क्या रस्त्याला लागल्यावर त्या रस्त्याच्या मधोमध बसूनच राहिल्या. बायांनी उचलून घरी आणल्या.

पवनीच्या दवाखान्यातून भंडाऱ्याला नेलं. वेळेत आणलं म्हणून जीव वाचला, असं डॉक्टर म्हणाले. उजवी बाजू लुळी पडली, पुढे फिजिओथेरपीनं पाय बराच सुधारला. वाचा मात्र गेली. लाखनीच्या माणसांनी सोयरीक मोडली नाही, उलट दवाखान्यात डबे आणले. वैशाखात लग्न झालं. जे लपवायला सासूबाई जिवावर उदार झाल्या होत्या, त्यानं काहीच बिघडलं नाही. आपण उगाच कशाकशाला भीत असतो.

गावानं मावशींना देवीसारखं डोक्यावर घेतलं. ज्या बाईनं शिव्या दिल्या होत्या ती पाया पडून गेली. मावशींना त्याचं काही नव्हतं. त्यांच्या मते त्यांनी गयाला वाचवलं नव्हतं, मारून ठेवलं होतं. फक्त केव्हा ते ठरायचं होतं.

मी समजावलं. "मावशी, हात आधी गेला होता. शपथ तुम्ही नंतर मोडली."

"शपथेले मागचं-पुढचं समजते का?" त्या म्हणाल्या. "ते येईन. कधीतरी येईन."

सुटका एकच होती. सासूबाईंनी 'सुटली' म्हणायचं. आणि सासूबाईंना बोलता येत नव्हतं.

मावशी रोज यायच्या. खाटेसमोर बसून तोंडाकडे बघायच्या. "म्हन वो, गये. सुटली म्हन." सासूबाईंना सगळं समजायचं. त्या जीव तोडून ओठ हलवायच्या. थोड्या महिन्यांनी 'हो' आलं, 'पानी' आलं, 'नाही' आलं. माझं नाव येऊन गेलं. तो शब्द आला नाही. जोर लावला की जीभ अडकायची, डोळ्यांतून पाणी यायचं. बोलायला शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, जबरदस्ती करू नका, मन मोकळं असलं की येईल. मग मावशींनी मागणं सोडलं. नुसत्या ओठांकडे बघत बसायच्या, ते मागण्यापेक्षा वाईट. दिवसातून कितीदा तरी काही ना काही निमित्त काढून येऊन बघून जायच्या, आणि दारात पाय ठेवायच्या आधी बाहेरूनच विचारायच्या, "हाय ना?" मी "आहेत" म्हटलं की मग आत. वैशालीच्या लग्नात त्या मांडवात आल्या नाहीत, बाहेर चिंचेखाली उभ्या राहून अक्षता टाकल्या. अन्न कमी झालं, झोप गेली, अंगावरचं लुगडं सैल झालं. दुसऱ्यांच्या पायांवर अंगठे दाबून फिरणाऱ्या बाईच्या पायांवर आता सूज होती. ती मला दिसली तेव्हा मी मावशींच्या मुलाला फोन केला.

मागच्या कोजागिरीच्या आधी तो गाडी घेऊन आला. मधे एकदा नेऊन दाखवलं तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, यांना हे दिवस त्या गावात काढू देऊ नका, बीपी फार वाढलंय. मावशी नाही-नाही म्हणत होत्या, मुलानं ऐकलं नाही. निघताना त्या आमच्याकडे आल्या. सासूबाईंसमोर उभ्या राहिल्या, हनुवटीला हात लावला, काही मागितलं नाही. मला म्हणाल्या, "गोळी देत जाजो." बस्स.

गाडी निघाली. मी सासूबाईंना धरून दारात उभी होते. मागच्या सीटवर मावशी, काच वर केलेली, चेहरा आमच्याकडे वळलेला, एक हात काचेवर पालथा. तेवढ्यात माझ्या खांद्यावरचा हात घट्ट झाला आणि सासूबाई म्हणाल्या, "सुटली."

स्पष्ट. अगदी पहिल्यासारख्या आवाजात. मी ओरडत गाडीमागे धावले, हात हलवले. मुलाला वाटलं मी निरोप देते आहे, त्यानं हॉर्न वाजवला. गाडी तलावाच्या पाळीवर चढली आणि वळली. त्यानंतर मी मावशींना पाहिलेलं नाही.

संध्याकाळी फोन आला. "हाय ना?"

"आहेत. अन् मावशी, ऐका, बोलल्या त्या! तुमची गाडी निघाली अन् सुटली म्हणाल्या. माझ्या कानांनी ऐकलं."

पलीकडून आवाज आला, "चांगली हायेस तू पोरी. मले बरं वाटावं म्हनून सांगून राहिली."

"नाही हो मावशी, शप..." आणि मी तोंडातला शब्द गिळला.

"तिले दे बरं फोन."

मी फोन सासूबाईंच्या कानाला लावला. पलीकडे कोण आहे ते त्यांना कळलं. त्यांनी तोंड उघडलं, ओठ जुळवले. मानेच्या शिरा ताठ झाल्या. सकाळी आपणहून आलेला तो शब्द आता येईना. नुसता श्वास, जोरजोरात. पुन्हा जुळवले, पुन्हा श्वास. त्यांची ती धडपड बघवेना म्हणून मी फोन काढून घ्यायला हात पुढे केला, तेव्हा फोनमधून मावशींचा आवाज आला. माझ्याशी नाही, त्यांच्याशी.

"राहू दे, गये. नको म्हनू. फक्त फोन ठेवू नको. तुहा श्वास आयकू येऊन राहिला मले."

सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि तसाच कानाशी धरून बसल्या. मी आत जाऊन भात टाकला, वरण फोडणीला घातलं. बाहेर आले तरी फोन चालूच होता, आणि दोघींपैकी कोणीच काही बोलत नव्हतं.